हो, विसरलो होतो

चिमणे,

हे पत्र मराठीत लिहितोय, म्हणजे तुला ते वाचता येणार नाही. आजी वाचून दाखवील. आई, वाचताना स्वतःची भर घालू नकोस. घातलीसच तर 'हे माझं' असं सांग, नाहीतर पोरीला वाटेल सगळं मीच म्हणतोय.

हिब्रूत लिहिता आलं असतं. बत्तीस वर्षं झाली या इस्राएल देशात. पण हिब्रूत मी अर्ज लिहितो, बिलांवरून भांडतो, कामावरचे रिपोर्ट लिहितो. अलिबागचं काही हिब्रूत लिहायला बसलो की ते दुसऱ्याच कुणाचं तरी लहानपण वाटायला लागतं.

तर, गेल्या शुक्रवारची गोष्ट. आपल्या तिश्री महिन्याची चार तारीख. आजीने दिमोनाहून पाठवलेला खिरीचा डबा मी उघडला, तू बशीत एक चमचा घेतलास आणि विचारलंस, "अबा, आपण सुक्कोत विसरलो होतो, हे खरं का?" वर्गात म्हणे विषय निघाला होता, कुणाकडे कसे सण करतात. तू हौसेने सांगितलंस की आमच्याकडे रोश हशानानंतर, म्हणजे नवं वर्ष लागल्यावर, खिरीचा सण असतो. मग बाईंनी अगदी गोड आवाजात समजावलं, की भारतातले ज्यू, म्हणजे आपण बेने इस्राएल, फार काळ सगळ्यांपासून दूर राहिले, सुक्कोत, म्हणजे झोपडीत बसायचा सण, वगैरे विसरून गेले, नंतर त्यांना कुणीतरी येऊन शिकवलं. आणि मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, मग ते ज्यू कसे?

मी काय म्हणालो? "खीर खा, गार होतेय." खीर फ्रीजमधली होती. तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि खोलीत गेलीस. काल किप्पुरचा उपास सुटल्यावर आजीकडे जाते म्हणालीस तेव्हाही मी काही बोललो नाही.

तर आता बोलतो. हो, विसरलो होतो.

तुझ्या बाईंनी खोटं काही सांगितलं नाही. आपले लोक सांगतात की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात जोडपी वाचली, आणि पोथ्या-पुस्तकं समुद्रात गेली. गोष्ट जशीच्या तशी घडली की नाही याचा मी कधी फार विचार केला नाही. नवगाव आमच्या घरापासून सायकलवर जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे ती मला बाजूच्या आळीत घडल्यासारखी वाटायची. पुस्तकं गेली, हे मात्र खरंच असणार. कारण पुस्तक असलेला माणूस सणाला 'सुक्कोत' म्हणतो, पुस्तक नसलेला म्हणतो 'खिरीचा सण'. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. किप्पुर म्हणजे दारफाळणी, कारण त्या दिवशी दारं लावून आत बसायचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. माझी आजी, म्हणजे तुझ्या आजीची सासू, मरेपर्यंत 'दारफाळणी'च म्हणायची. किप्पुर हा शब्द तिला येत होता, पण तो हज्जानच्या, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्याच्या, तोंडी शोभतो असं तिचं मत होतं.

काय राहिलं होतं? शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. आठव्या दिवशी मुलग्याची सुंता. खवले आणि पर नसलेला मासा टोपलीतून बाजूला काढायचा. आणि शेमा, 'देव एकच' म्हणणारी प्रार्थना. एवढं सामान घेऊन किती पिढ्या काढल्या, मोजता येत नाहीत. मग शिकवणारे आले. त्यांतल्या दावीद रहाबीची गोष्ट आजी माझ्यापेक्षा चांगली सांगते, माशांच्या परीक्षेची, तिला विचार. पुढे कोचीनचे ज्यू आले. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईला पहिली मशीद बांधली. दचकू नकोस, सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणायचो.

खिरीचं काय, तर नव्या तांदळाची खीर, नारळाच्या दुधात. गाईचं दूध नाही, म्हणजे मटणाच्या जेवणावरही चालते. निखाऱ्यावर ऊद टाकायचा, खिरीच्या पातेल्यासमोर शेमा म्हणायचा आणि मग वाढायची. आपल्यातले जाणते म्हणतात की हीच सुक्कोतची आठवण: महिना लक्षात राहिला, सुगी लक्षात राहिली, झोपडी तेवढी गळाली. आता खरं सांगू? शेजारच्या घरांतही त्याच सुमारास नवं करायचे. नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधायच्या, नव्या तांदळाचं गोड करायचं. आम्ही त्यांच्याकडून घेतलं का? घेतलं असेल. मला त्यात लाज वाटत नाही, पण तुला वर्गात हे सांगायला लागलं असतं तर वाटली असती का, हे मला माहीत आहे. वाटली असती.

माझ्या लहानपणापर्यंत मात्र सुक्कोत अगदी ठणठणीत परत आला होता. इस्राएल आळीतल्या मागेन आबोथ मशिदीच्या अंगणात मांडव पडायचा. मांडवच म्हणायचो आम्ही. 'सुक्का' म्हटलं की आम्हा पोरांना सुका जवळा आठवायचा आणि हसू यायचं. (आई, हे वाच. गाळू नकोस.)

मांडव घालायला एक आगरी काका यायचे, जवळच्याच गावचे. गणपतीचा मांडव तेच घालायचे, लग्नाचेही तेच, आणि आमचाही. बांबू, सुंभ आणि बैलगाडीभर झावळ्या. त्यांच्या हाताला एकच काम ठाऊक: छप्पर असं विणायचं की ऊनपाऊस काही आत येता कामा नये. आणि आमच्या मांडवाचा कायदा नेमका उलटा. तारे दिसले पाहिजेत. दर वर्षी काका सुरेख घट्ट झाप विणून घालायचे, दर वर्षी बाबा, म्हणजे तुझे आजोबा, शिडीवर चढून मधल्या मधल्या झावळ्या उपसून काढायचे. काका खाली उभे राहून कपाळाला हात लावायचे. चांगलं केलेलं काम एक शिकलेला माणूस मोडतोय, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. उपसलेल्या झावळ्या आम्ही पोरं बुडाकडून ओढत आळीभर पळवायचो, धाकटं कुणीतरी वर बसलेलं.

सजावट गणपतीतलीच. क्रेपच्या पताका, झेंडूच्या माळा. पण वरून टांगलेली फळं आमची: केळ्यांचे घड, शहाळी, सीताफळं, आणि पपनसं. पपनस तू खाल्लं नाहीस, इथला पोमेलो त्याचा श्रीमंत भाऊ. एत्रोग, म्हणजे या सणाला हातात धरायचं लिंबासारखं फळ, मुंबईहून एकच यायचा, कापसात गुंडाळून, आणि तो हातात घ्यायला रांग लागायची. थोरल्यांपासून सुरुवात, त्यामुळे आम्हा पोरांपर्यंत येईतो सगळ्यांची घाई झालेली. मला कितीतरी वर्षं वाटायचं की पपनस हाच खरा मोठा एत्रोग, आणि तो हातातला बिचारा कच्चा राहिलाय. सणाच्या शेवटी, सिमहात तोराच्या रात्री, टांगलेल्या फळांचा लिलाव व्हायचा, पैसे मशिदीला. एकदा मी दोन रुपये मुठीत धरून पपनसाची बोली लावली. कुणीही वर बोली लावली नाही. आता कळतं, मोठ्यांनी एकमेकांना खुणावलं असणार.

आत शिरताना हातबोशी. एकाने दोन्ही हात पुढे करायचे, दुसऱ्याने त्यांना बोटं लावून आपली बोटं ओठांना न्यायची. ही तुला येते. तू ती आजीशी करतेस आणि बाहेर कुणी पाहिलं तर घाईने हात खिशात घालतेस. ते मी पाहिलंय. बोलणार नव्हतो.

सुक्कोत पौर्णिमेला सुरू होतो आणि बहुतेक वर्षी तीच आमच्या शेजाऱ्यांची कोजागिरी. अधिक महिना मधे आला की महिनाभर मागेपुढे, नाहीतर एकच चंद्र. मांडवात आमचं मटण, पलीकडच्या गच्चीवर त्यांचं आटीव मसाला दूध. वास भिंतीवरून यायचा. पण मटणावर दूध चालत नाही, आणि तुझी आजी तास मोजायला पक्की. शेजारच्या काकूंना हे आमच्याइतकंच पाठ. त्या आमच्या नावाचे पेले झाकून ठेवायच्या, "मध्यरात्रीनंतर पाठवते हो." आम्ही जागायची शपथ घ्यायचो आणि मांडवातल्या चटईवर झावळ्यांमधून चंद्र बघता बघता झोपायचो. दूध सकाळी मिळायचं, गार, वर जाड साय धरलेलं. माझ्या तोंडी कोजागिरीची चव ती आहे. गरम मसाला दूध मी पहिल्यांदा कॉलेजात प्यायलो आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

आणि पाऊस. आठव्या दिवशी आपण पावसाची प्रार्थना म्हणतो ना? हज्जान पांढऱ्या कपड्यांत उभे राहून हिब्रूत पाऊस मागताहेत आणि बाहेर कौलांवरून परतीचा पाऊस कोसळतोय, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. मांडवाचे काका बांबू सोडायला आलेले, ओटीवर अंग चोरून उभे. कुणीतरी त्यांना सांगितलं आत काय चाललंय. ते बाबांना म्हणाले, "अजून पानी मांगताव? माजा भात शेतान परलाय!" बाबा म्हणाले, "हा इथला नाही हो, तिकडचा मागतोय." 'तिकडचा' म्हणजे कुठला, हे मला १९९३ साली कळलं. इथला, अश्दोदमधला पहिला सुक्कोत: महिन्यांमागून महिने थेंब नाही, गवत वाळून कागद झालेलं, आणि सिनेगॉगमधल्या म्हाताऱ्याचा आवाज त्या प्रार्थनेला खरोखरच कापत होता. मला मात्र काकांचं भात आठवत होतं.

मागच्या बाकावरच्या मुलाचं आता. हा प्रश्न त्याचा नाही, बराच जुना आहे. १९६२ साली इथल्या धर्मपीठाने नियम काढले, की बेने इस्राएलांपैकी कुणाला बाहेरच्या ज्यूशी लग्न करायचं असेल तर त्याच्या मागच्या पिढ्या तपासा. माझ्या चुलत आजोबांना तेव्हा इथे येऊन बरीच वर्षं झाली होती. १९६४च्या उन्हाळ्यात आपले लोक जेरुसलेमला जाऊन ठिय्या देऊन बसले, त्यांत तेही होते. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे इथल्या संसदेने, सांगितलं की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, त्यांच्यात आणि इतरांत फरक नाही. चुलत आजोबा ही गोष्ट सांगताना विजयाची सांगत नसत. ते म्हणत, "कागद दाखवा म्हणाले, आणि आमच्याकडे होती खीर." मग स्वतःच हसत. मला ते हसू तेव्हा आवडायचं नाही.

त्या मुलाला काय उत्तर द्यायचं ते मी सांगत नाही. भांडायचं असेल तर भांड, नसेल तर नको. तो तुझा मित्रही आहे, हे मला माहीत आहे.

मला वेगळंच काहीतरी खुपलंय. तू 'विसरलो' म्हणालीस तेव्हा मी उत्तर देऊ शकलो नाही, कारण मी त्या गलबतवाल्यांचा विचार करतच नव्हतो. तुझा करत होतो. तुला मराठीतले किती शब्द येतात ते मी त्या रात्री अंथरुणात मोजले. खीर, मलिदा, चल, बस, झोप, पुरे, वेडी, आणि आजीचे दोन-तीन, जे तिने शिकवायला नको होते. वीसच्या आत आटोपलं. इमाची माणसं मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकाची, घरात हिब्रू बोलणंच सगळ्यांना सोयीचं, आणि मी कामावरून दमून यायचो. कुणी ठरवून केलं नाही. विसरणं असंच होत असणार. नवगावच्या त्या बापानेही एखाद्या संध्याकाळी, घाणा थांबवून आल्यावर, म्हटलं असेल: झोपडी पुढच्या वर्षी बांधू.

पण मागच्या महिन्यात जिन्यात तुझं बोट दारात सापडलं, तेव्हा तू काय ओरडलीस आठवतंय? "आई गं!" आईला तर तू इमा म्हणतेस.

पुरे. आजीचा घसा कोरडा पडला असेल.

सोमवारी संध्याकाळी सुक्कोत लागतो, आणि यंदा (२०२५) ६ ऑक्टोबरलाच कोजागिरीही आहे. रविवारी मी इमारतीच्या मागच्या अंगणात पाइप उभे करतो. वरची बांबूची चटई दुकानवाल्याने फार दाट दिलीय. तू ये, तुझा हात पोचतो, मधल्या काड्या उपसू. शिडी मी धरतो. आजीच्या कपाटात वरच्या खणात सुंभाची गुंडी आहे, आजोबांनी अलिबागहून आणलेली. ती घेऊन ये, प्लॅस्टिकच्या दोरीला माझ्या गाठी बसत नाहीत.

आणि आई, येताना खीर थोडीशीच कर. तिला नको असली तर आग्रह करू नकोस. मी आहे.

तुझा,
अबा