अफगाण माणूस रोज कसा जगतो, आणि त्याला शांतता खरंच हवी आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. अफगाण लोकांचं रोजचं जगणं कसं असतं, आणि "भांडण त्यांच्या रक्तातच आहे, त्यांना शांतता नकोच असते" असं लोक म्हणतात ते खरं का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: अजिबात खरं नाही. पहिल्याला जरा वेळ लागेल.

मी मूळचा तासगावचा, पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनियर. २००७ ते २००९ मी अफगाणिस्तानात होतो. पुल-ए-खुमरीहून काबूलला जाणारी २२० केव्हीची, २०२ किलोमीटरची वीजवाहिनी भारताने बांधून दिली, त्या कामावर. उझबेकिस्तानातून आलेली वीज हिंदुकुश ओलांडून काबूलजवळच्या चिमतला उपकेंद्रात उतरवायची होती. त्या वेळी काबूलमध्ये बऱ्याच घरांत एक दिवसाआड काही तास दिवे लागायचे, एरवी कंदील नाहीतर जनरेटर. टॉवर सालंगच्या डोंगरातून न्यायचे होते. तिथला बोगदा जवळजवळ ३,४०० मीटर उंचीवर आहे, हिवाळ्यात रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही. त्यामुळे आमच्या कॅम्पवर सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "राह बाझ अस्त?" रस्ता खुला आहे का?

सुरुवातीला मी समजत होतो की हे बर्फाबद्दल विचारतात. पुढे लक्षात आलं की त्या एका प्रश्नात सगळंच येतं: बर्फ, दरड, सुरुंग, नाकाबंदी, काल रात्री कुठे गोळीबार झाला का. फळवाला ट्रकवाल्याला हेच विचारतो आणि आई सासरी गेलेल्या लेकीला फोनवर हेच विचारते. तुम्ही शांततेबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, त्यांच्या तोंडी हा शब्द फार क्वचित येतो. रस्त्याबद्दल मात्र रोज बोलतात.

आमच्या गाडीचा चालक माझ्याच वयाचा, शोमालीच्या पट्ट्यातला. त्याचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला तो ‘इंजिनियर साहेब’ म्हणायचा. सकाळी भेटला की छातीवर हात ठेवून सुरू व्हायचा: कसे आहात, बरे आहात ना, तब्येत ठीक, घरचे ठीक, मुलं ठीक? मी उत्तर देईपर्यंत पुढचा प्रश्न आलेला असायचा. आधी मी एकेका प्रश्नाचं उत्तर द्यायला बघायचो. मग कळलं की दोघांनी एकाच वेळी विचारत राहायचं असतं, उत्तराची वाट कोणी बघत नाही. शेवटी तो म्हणायचा, "मांदा नबाशी." म्हणजे थकू नकोस. याला उत्तर, "झिंदा बाशी." जिवंत राहा. रस्त्याने घाम गाळत जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ते हे म्हणतात.

आपल्याला चटकन आपलंसं वाटावं असं तिथे खूप आहे. तिथल्या दारी भाषेत, म्हणजे अफगाणिस्तानातल्या फारसीत, बापाच्या भावाला काका म्हणतात आणि आईच्या भावाला मामा. काबूलच्या जुन्या बाजाराचं नाव मंडवी. आणि त्यांचे महिने म्हणजे चक्क राशी: हमल म्हणजे मेष, सौर म्हणजे वृषभ, असे बारा. आणखी एक. आपण मराठीत त्या लोकांना सर्रास ‘अफगाणी’ म्हणतो, पण अफगाणी हे त्यांच्या चलनाचं नाव आहे. माणूस अफगाण. माझी ही चूक एका चहावाल्याने हसून सुधारली होती.

सकाळ नानवाईपासून, म्हणजे नान भाजणाऱ्याच्या दुकानापासून सुरू होते. जमिनीत पुरलेला तंदूर, त्याभोवती बसलेली तीन-चार माणसं, एक गोळे करतोय, एक थापतोय, एक आकड्याने काढतोय. पोरं हातभर लांबीचे गरम नान काखेत मारून घरी पळतात. नानचा तुकडा खाली पडला तर उचलून ओठांना लावतात आणि कुणाच्या पायाखाली येणार नाही असा बाजूला ठेवतात. मला माझी आजी आठवायची. जेवण जमिनीवर, दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड अंथरून, भिंतीला टेकून ठेवलेल्या गाद्यांवर बसून. हिवाळ्यात संदली: बुटक्या चौरंगाखाली निखाऱ्यांचं भांडं, वरून भलीमोठी रजई, आणि सगळं घर त्या रजईत पाय खुपसून बसलेलं. वर्षातला पहिला बर्फ पडला की मित्राला गुपचूप चिठ्ठी पोचवायची, "बर्फ आमचा, बर्फी तुमची". चिठ्ठी हातात पडली की मेजवानी त्याच्या गळ्यात, पण चिठ्ठी आणणारा पकडला गेला तर उलटं. त्यांची एक म्हण आहे: काबूल सोन्यावाचून राहील, बर्फावाचून नको. डोंगरावर बर्फ साठला तरच उन्हाळ्यात पाटाला पाणी येतं, हे शेतकऱ्याच्या पोराला समजावून सांगावं लागत नाही.

एक कबूल केलं पाहिजे. पुरुष असल्यामुळे मी तिथल्या घरांची अर्धीच बाजू पाहिली. पडद्याआडून बोलानी यायची, गंदना नावाची कांद्यासारखी पात किंवा बटाटा भरून तव्यावर भाजलेली, सोबत दही. ती कोणी केली ते मला कधी दिसलं नाही. तिथल्या बायकांच्या जगण्याबद्दल मी अधिकाराने काही सांगू शकत नाही.

२००८ च्या नवरोजला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, आपल्या पाडव्याच्या आसपास, चालकाने मला गावी नेलं. शोमाली हा काबूलच्या उत्तरेचा द्राक्षांचा मुलूख. वाटेत कडेला रंगवलेले दगड: लाल म्हणजे पुढे सुरुंग, पांढरा म्हणजे जमीन साफ झालेली. १९९९ मध्ये तालिबानने इथल्या बागा तोडल्या, घरं जाळली, पाट फोडले. याचं कुटुंब पंजशीरकडे पळालं आणि २००१ नंतर परतलं. आपल्यासारखा मांडव तिथे नसतो, मातीच्या वरंब्यांवर वेल पसरलेले असतात. चालकाच्या वडिलांनी मला एका वेलाचं खोड दाखवलं. खालून काळं, जळकं, आणि त्यातून मनगटाएवढा नवा फुटवा. मी तासगावचा, आमच्याकडेही घरोघरी बेदाणा, असं सांगितल्यावर म्हातारा मला सोडेना. आम्ही डिपिंग ऑइल वापरतो, शेडमध्ये रॅकवर सुकवतो, हे ऐकून त्याने मला हाताला धरून किशमिशखान्यात नेलं. जाड मातीच्या भिंतींची खोली, भिंतींना ओळीने उभ्या फटी, आत अंधार आणि वाहता वारा. घड टांगून ठेवायचे, हिरवा बेदाणा आपोआप तयार होतो.

मग त्याने कोपऱ्यातून मातीचा एक चपटा गोळा आणला. याला कंगीना म्हणतात. माती आणि भुसा कालवून दोन परळ करायचे, उन्हात वाळवायचे, त्यात न तडकलेली द्राक्षं ठेवायची आणि एकावर एक उपडं घालून ओल्या मातीने कड लिंपून टाकायची. हा पानगळीत लिंपलेला होता. म्हाताऱ्याने सुरीच्या मुठीने कडेकडेने टकटक केलं, वरचा परळ उचलला. आत द्राक्षं. मार्च महिना, बाहेर अजून थंडी, आणि द्राक्षं ताजी, देठ तेवढे सुकलेले. पहिला मणी त्याने मला दिला, दुसरा दोन वर्षांच्या नातीच्या तोंडात घातला. वाटीत हफ्त मेवा होता, रात्रभर पाण्यात भिजवलेले बेदाणे, जर्दाळू, अक्रोड, बदाम असे सात जिन्नस. मी सांगलीच्या बागायतदाराचा मुलगा, शीतगृहाचं बिल बघत वाढलेला. तिथे मला बोलायला शब्द सुचेनात.

आता शांततेबद्दल.

मराठी माणसाला अफगाण म्हटलं की १७६१ आणि अब्दाली आठवतो. तिथे तो अहमदशाह बाबा आहे, कंदाहारला त्याची कबर आहे, लोक आदराने जातात. पण एका लढाईवरून आपण तिथल्या आजच्या शेतकऱ्याचं रक्त तपासायला लागलो तर तो त्याच्यावर अन्याय आहे. १९७८-७९ पासून त्या देशात जी युद्धं झाली त्यांत बाहेरचा पैसा, बाहेरची शस्त्रं आणि बाहेरचं सैन्य किती होतं ते एकदा बघा.

२०१८ च्या मार्चमध्ये हेलमंद प्रांतातल्या लष्करगाहला स्टेडियमजवळ कारबॉम्ब फुटला. त्यानंतर तिथल्या साध्या माणसांनी तंबू टाकून धरणं धरलं, उपोषण केलं. मग त्यातले काही जण काबूलला पायी निघाले. सुमारे ७०० किलोमीटर, त्यातही रमजान, म्हणजे उन्हात निर्जळी रोजे ठेवून. मागणी एवढीच की दोन्ही बाजूंनी बंदुका थांबवा. निघाले तेव्हा मोजके होते, वाटेत गावागावांतून माणसं सामील होत गेली. पायाला फोड आलेली ही माणसं जूनमध्ये काबूलला पोचली. पंढरीची वाट चालणाऱ्या आपल्या लोकांना, ते चालणं काय असतं हे कळेल.

त्याच जूनमध्ये ईदला तीन दिवस युद्धबंदी झाली. तालिबानी आणि सरकारी सैनिक गळ्यात गळे घालतानाचे, काबूलच्या रस्त्यावर शीरयख, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, खातानाचे फोटो आले. मी तोवर परत येऊन नऊ वर्षं झाली होती. चालकाचा फोन आला. तो गझनीहून बोलत होता. काबूलपासून दीडेकशे किलोमीटर, पण मधला रस्ता इतका वाईट झालेला की तिथे दिलेली सख्खी बहीण त्याला सहा वर्षं भेटली नव्हती. "राह बाझ अस्त, इंजिनियर साहेब," एवढं म्हणाला आणि त्याला पुढे बोलता येईना. मागून लहान मुलांचा गोंधळ ऐकू येत होता. तालिबानने ती युद्धबंदी पुढे वाढवली नाही. चौथ्या दिवशी रस्ता पुन्हा बंद.

१५ ऑगस्ट २०२१ ला तालिबान काबूलमध्ये आले. तेव्हापासून गझनीचा रस्ता खुला आहे, तो हवा तेव्हा बहिणीकडे जातो. हे सुख खरं आहे आणि तो ते नाकारत नाही, मीही नाकारणार नाही. पण कंगीन्यातला दुसरा मणी जिने खाल्ला ती त्याची मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. सहावीच्या पुढच्या मुलींच्या शाळा बंद झाल्या. २३ मार्च २०२२ ला उघडणार म्हणून ती काळा झगा, पांढरा रुमाल घालून गेली आणि काही तासांत परत आली, त्याच दिवशी हुकूम फिरला होता. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठंही मुलींना बंद झाली. त्या मार्चमधल्या फोनवर त्याने मला घरचे कसे आहेत हे विचारलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मुलगी आता घरी शेजारच्या लहान मुलींना गणित शिकवते आणि स्वतः पुढचं शिकते. अडलं की वहीच्या पानाचा फोटो वडिलांच्या फोनवरून मला येतो. मी दारीत कच्चा, ती इंग्रजीत कच्ची, पण समीकरण दोघांनाही वाचता येतं. आज संध्याकाळी त्रिकोणमितीची दोन गणितं आली आहेत. पहिलं तिने बरोबर सोडवलंय, दुसऱ्यात एका ठिकाणी चिन्ह चुकलंय. हे उत्तर इथे टाकलं की तेच कळवायला बसतो.