कमी कार्बचं सॅलड म्हणजे आपला घोळाणाच की

तुम्ही विचारलंय की कामावरून आल्यावर दहा मिनिटांत होईल असं ताजं, कमी कार्बचं सॅलड घरी कसं करावं, आणि त्याला लेट्यूस, ऑलिव्ह ऑइल लागतंच का. नाही लागत. आईची शुगर वाढली तेव्हा मीही आधी त्याच्याच मागं लागले होते. शेवटी कपिलतीर्थ मंडईतनं आणलेल्या मेथीच्या पेंडीवर काम भागलं.

आमच्या कोल्हापुरात मेथीचा घोळाणा पूर्वीपासून करतात. पेंडी बारीक पानांची, कोवळी बघून घ्या. मोठ्या पानांची मेथी कच्ची खाताना कडू लागते. पानं खुडून तीन-चार पाण्यांतनं धुवा, कारण तळाला माती बसतेच. मग फडक्यावर पसरून कोरडी होऊ द्या. ओल्या पानांना तेल-चटणी धरत नाही. तेवढ्यात एक काकडी, एक टोमॅटो आणि अर्धा कांदा चिरून होतो. वरनं दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगांचं जाडसर कूट, चमचाभर कच्चं शेंगतेल, अर्धा चमचा घरची कांदा-लसूण चटणी आणि अर्धं लिंबू. हातानं हलकं घोळवा, मेथी चुरडली की कडवटपणा वाढतो. मीठ मात्र ताटात घेताना घाला, आधी घातलं तर काकडीला पाणी सुटून सगळं गिचगिचीत होतं. कोशिंबिरीत घालतो ती चिमूटभर साखर इथं नको.

कार्बचं म्हणाल तर काकडी, मुळा, टोमॅटो यांत १०० ग्रॅमला साधारण ३ ते ४ ग्रॅम असतात. कांदा, गाजर, बीट यांत ९-१०, म्हणून कांदा अर्धाच. उकडलेला बटाटा आणि मक्याचे दाणे २० च्या आसपास जातात. सॅलडमध्ये ते टाकून वर त्याला कमी कार्बचं म्हणणं मला पटत नाही. दोन चमचे कुटातनं फार तर २-३ ग्रॅम येतात, शिवाय पोट भरतं.

हेच जेवण करायचं असेल तर दोन उकडलेली अंडी फोडून घाला, साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडी चालत नसतील तर पनीर.

आमची खरी चूक वेगळीच होती. घोळाणा ताटात आला, पण त्याच्याशेजारच्या दोन भाकरी तशाच राहिल्या. तसं केलं तर कार्ब कमी कुठनं होणार? आई आता एक भाकरी आणि वाडगाभर घोळाणा खाते. तुम्ही किंवा घरातलं कुणी इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेत असेल तर भाकरी-भात एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांना विचारा. औषध तेवढंच राहिलं तर शुगर खूप खाली जाऊ शकते.

पावसाळ्यात मी कच्ची पालेभाजी टाळते, आमच्याकडच्या पावसात पेंड्या चिखलानं भरलेल्या येतात. तेव्हा काकडी, किसलेला मुळा आणि बारीक चिरलेला कोबी घ्या, कूट-लिंबू तेच, आणि वरनं मोहरी-हिंगाची फोडणी. मुळ्याचा कीस पिळू नका, सुटलेलं पाणी कूट ओढून घेतं.