बिल ऑफ लेडिंगची तारीख बघा, मग कंटेनर भरा

बडोद्याच्या करेलीबागेतल्या एका वाचकांचा मेल आलाय. लेस्टरला राहणाऱ्या भाच्याच्या मदतीने त्यांनी इंग्लंडमध्ये एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतली, विकणाऱ्याने जाहिरातीत "१९७५ मॉडेल" लिहिलेलं, पैसे पूर्ण देऊन झालेत, १२ फेब्रुवारीच्या जहाजावर कंटेनर बुक आहे आणि गाडी मुंबईला उतरायला मार्चअखेर किंवा एप्रिल उजाडेल. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या तिकडच्या नोंदणीच्या कागदावर, पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख ९ मार्च १९७६. मेलमध्ये सात प्रश्न आहेत, त्यातले चार ड्यूटीवर, आणि अगदी शेवटी जाता जाता एक वाक्य: "गाडी पोचेपर्यंत पन्नास वर्षं पूर्ण होतायत, त्यामुळे तो मुद्दा राहत नाही ना?"

राहतो. तोच एक मुद्दा आहे, बाकीचे सहा त्याच्या मागून येतात.

२०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर जुन्या गाड्यांचा मोठा मेळावा झाला तेव्हापासून बडोद्यातून असे प्रश्न येतातच, आणि २०२५मध्ये परदेशातून आणायची जुनी गाडी १९५० आधीची हवी ही अट जाऊन ती पन्नास वर्षांहून जुनी हवी असा हिशोब आला तसे ते वाढले. जवळजवळ प्रत्येकजण ड्यूटीपासून सुरुवात करतो. तारखेपासून कोणीच करत नाही.

तर नीट ऐका. आयात कोणत्या दिवशी झाली हे परदेशी व्यापार धोरणात गाडी बंदरात उतरली त्या दिवसावरून ठरत नाही, तिकडून माल निघाला त्या दिवसावरून ठरतं, आणि समुद्रमार्गे आलेल्या मालाला तो दिवस म्हणजे बिल ऑफ लेडिंगवरची, जहाज कंपनी माल घेतल्याची जी पावती देते तिच्यावरची, तारीख. तुमचं जहाज १२ फेब्रुवारीला सुटलं तर धोरणाच्या हिशोबात तुमची आयात १२ फेब्रुवारीची, आणि त्या दिवशी तुमची गाडी पन्नास वर्षांची नाही. पंचवीस दिवस कमी पडतायत. जहाज आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळसा घालून दोन महिने लावो, बंदरात आणखी महिनाभर पडून राहो, त्याने तारीख पुढे सरकत नाही.

तुम्ही म्हणाल गाडी कारखान्यातून १९७५लाच बाहेर पडली. शक्य आहे. फोटोत नंबरप्लेटचं शेवटचं अक्षर "पी" आहे, ते इंग्लंडमध्ये ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात नोंदलेल्या गाड्यांचं, त्यामुळे विकणारा खोटं बोलला असं मी म्हणत नाही. एबिंग्डनच्या एमजी कारखान्यात तयार झालेली गाडी काही महिने डीलरकडे उभी राहिली असेल. पण २०२१मध्ये सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्समध्ये व्हिंटेज गाडीची जी व्याख्या आली तिच्यात शब्द आहेत पहिल्या रजिस्ट्रेशनच्या तारखेपासून पन्नास वर्षांहून जास्त. मॅन्युफॅक्चरची तारीख धरावी असा युक्तिवाद कस्टम्ससमोर करता येईल, मी करूनही देईन, पण गाडी यार्डात अडकल्यावर करायचा तो युक्तिवाद आहे, गाडी अजून लेस्टरच्या गॅरेजमध्ये कोरडी उभी असताना त्याच्या भरवशावर कंटेनर भरायचा नसतो.

अडकली तर काय होतं ते सांगतो, कारण मेलमध्ये तुम्ही "थोडा दंड भरून सोडवता येईल" असं लिहिलंय. अट न पाळता आणलेला माल कस्टम्स ॲक्टच्या कलम १११(डी) खाली जप्त होऊ शकतो. कलम १२५मध्ये दंड भरून माल सोडवायची सोय आहे, पण माल "प्रोहिबिटेड", म्हणजे आणायला बंदी असलेला, धरला तर तो पर्याय द्यायचा की नाही हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर, आणि अट मोडून आणलेला मालसुद्धा त्या शब्दात बसू शकतो हे सुप्रीम कोर्टाने २००३मध्येच सांगून ठेवलंय. म्हणजे दंड हा तुमचा हक्क नाही, मिळाला तर मिळाला. त्यावर कलम ११२ची पेनल्टी वेगळी. मग अपील: साठ दिवसांत कमिशनर अपील्सकडे, फार तर आणखी तीस दिवस माफ होतात, त्याच्या पुढे एक दिवसही नाही. तिथे हरलात तर ट्रिब्युनल, आणि ट्रिब्युनलमधल्या तारखांबद्दल मला बोलायला लावू नका.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे बडोद्याचेच एक जण आले होते, गाडी वेगळी पण चूक हीच, पोचायची तारीख धरून चालले होते. केस आम्ही जिंकली. गाडी सोडवायला मी स्वतः त्यांच्याबरोबर गेलो होतो. दरवाज्याचं रबर बोट लावलं की पिठासारखं सुटत होतं, बॉनेट उघडलं तर वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं, मागच्या सीटच्या काथ्यात त्यांचं घरटं, आणि यार्डाचं भाडं गाडीच्या खरेदी किमतीच्या वर गेलेलं. ते गृहस्थ काही बोलले नाहीत, नुसते स्टिअरिंगवरून रुमालाने धूळ पुसत बसले. जिंकलेल्या केसचा तो दिवस मला अजून टोचतो. तुमच्यावर तो येऊ नये म्हणूनच इतकं लांबवतोय.

म्हणून १२ फेब्रुवारीचं बुकिंग आजच्या आज रद्द करायला सांगा. रद्द करायचे पैसे लागतील, लागू देत. जहाज १५ मार्चनंतरचं घ्या. आणि बिल ऑफ लेडिंगवर दोन तारखा असू शकतात, ते दिलं त्या दिवसाची आणि माल जहाजावर चढला त्याची, म्हणजे "शिप्ड ऑन बोर्ड". दोन्ही ९ मार्चनंतरच्या हव्यात. फॉरवर्डर, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणारा, कदाचित म्हणेल की गाडी आत्ताच जाऊ दे, कागदावर तारीख नंतरची टाकून देतो. साफ नाही म्हणा. खोटा कागद वापरला तर कलम ११४एएखाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत पेनल्टी आहे, आणि मग जी केस उभी राहते ती वाचवायला मी येणार नाही.

आता तुमच्या निष्काळजीपणाबद्दल बोलतो, राग मानू नका. इनव्हॉइस भाच्याच्या नावावर, लॉगबुक भाच्याच्या नावावर, पैसे त्याच्या खात्यातून गेले, आणि आयात करणार तुम्ही. लिखापढी काय तर व्हॉट्सॲपवरचे मेसेज. आहो, घरचा ओटा दुरुस्त करायचा तरी आपण गवंड्याकडून चिठ्ठी लिहून घेतो! इंग्लंडच्या त्या लॉगबुकवर छापलेलंच असतं की हा मालकीचा पुरावा नाही. जुनी गाडी आणायची ही सवलत स्वतः वापरणाऱ्याला आहे, व्यापारासाठी नाही, त्यामुळे गाडी कोणाची हा प्रश्न विचारला जाणारच. भाच्याकडून तुमच्या नावे विक्रीचं किंवा बक्षीसपत्राचं नीट कागद करून घ्या, त्यात चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि पहिल्या रजिस्ट्रेशनची तारीख लिहा, "१९७५ मॉडेल" हे शब्द कुठेही नकोत. बिल ऑफ लेडिंगवर माल घेणारा म्हणून तुमचंच नाव, पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने. आणि लॉगबुकचा कायमच्या निर्यातीचा जो भाग फाडून स्वानसीच्या वाहन नोंदणी कार्यालयाला पाठवायचा असतो तो पाठवायच्या आधी अख्ख्या लॉगबुकचा रंगीत स्कॅन काढून ठेवायला भाच्याला सांगा, कारण तुमची तारीख सिद्ध करणारा पहिला कागद तोच. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं, त्यावर बांधणीची तारीख, मूळ इंजिन नंबर, मूळ रंग येतो, तेही मागवून ठेवा.

ते सर्टिफिकेट आणखी एका कारणाने हवंय. तुमच्या फोटोत पुढे चकचकीत क्रोमचा बंपर आहे. १९७४च्या शेवटापासून एमजीबी काळ्या रबरी बंपरनेच निघायची, म्हणजे तुमच्या गाडीचा बंपर नंतर कोणीतरी बदललाय. हौशी लोक सर्रास बदलतात, क्रोम दिसतंही सुंदर. पण व्हिंटेजच्या नियमात गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल, इंजिनमध्ये फेरफार नको. नुसता बंपर बदलला असेल तर मला फारशी काळजी वाटत नाही, त्यासाठी पुढचा पत्रा कापलाय का यावर बरंच अवलंबून आहे, आणि आरटीओतला इन्स्पेक्टर ते कसं बघेल हे इथे बसून मी सांगू शकत नाही. भाच्याला बंपरच्या मागून, खालून फोटो काढायला सांगा. मूळ रबरी बंपर विकणाऱ्याकडे पडून असेल तर तोही मागून कंटेनरमध्ये टाका.

ड्यूटीबद्दल थोडक्यात. गाडीची किंमत, जहाजभाडं आणि विमा या बेरजेवर ती बसते आणि मूळ किमतीपेक्षा जास्त होईल असं धरूनच पैसे बाजूला काढा, नेमका आकडा बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचा आयातीचा कागद, भरायच्या आठवड्यात कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या, कारण दर बजेटमध्ये हलतात. बिल ऑफ एंट्री जहाज लागायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची असते, उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये, तेव्हा एजंट आत्ताच नेमा, जहाज दिसायला लागल्यावर नाही.

आरटीओचं त्यामानाने सोपं आहे. फॉर्म २०, विमा, बिल ऑफ एंट्री, २०,००० रुपये फी, दहा वर्षांची नोंदणी आणि नंबरात जीजेच्या पुढे व्हीए. रोज अलकापुरीला ऑफिसात न्यायला ती गाडी चालणार नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठी काढता येईल. मेलमध्ये तुम्ही लिहिलंय की नातीला दर रविवारी सुरसागरला चक्कर मारून आणायचीय. रविवारचं तेवढं आरटीओत लेखी विचारून घेऊ, मी अर्ज करून देतो.

आज लेस्टरला फोन करा. शिपिंग लाइन बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट आधी तपासायला पाठवते, तो आला की ओके म्हणायच्या आत मला पाठवा, सोबत लॉगबुकचा स्कॅन.