निवेदक, सूत्रधार आणि एक 'म्हणे'

प्रश्न असा: 'कथेतल्या नॅरेटरला मराठीत निवेदक म्हणायचं की सूत्रधार? निवेदक म्हटलं की कार्यक्रमात माईक धरून उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो.'

निवेदकच म्हणा. माईकवाला आठवतो हे खरं, शिवाय 'निवेदन' म्हटलं की मागण्यांचा कागदही आठवतो. पण तिन्हींच्या मुळाशी अर्थ एकच. विद् म्हणजे जाणणे. 'नि' लागून त्याचं प्रयोजक रूप झालं की अर्थ होतो कळवणे. एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही, आणि पहिला ठरवतो की काय, किती आणि केव्हा कळू द्यायचं. कथेतल्या निवेदकाचं सगळं काम यात आलं.

सूत्रधाराची गोष्ट वेगळी. संस्कृत नाटकात तो नांदीनंतर बोलतो, नाटक कोणाचं, कोणतं ते सांगतो आणि प्रस्तावना संपली की निघून जातो. पुढे वर्तमानपत्रांनी त्याला कटात गोवला, त्यामुळे आज या शब्दात मागून दोऱ्या हलवणारा माणूस दिसतो. कथेत दोऱ्या हलवतो तो लेखक. निवेदक स्वतःच त्या दोऱ्यांना बांधलेला. त्याला गैरसमज होऊ शकतो, तो चक्क खोटंही बोलू शकतो. त्याला सूत्रधार म्हटलं की या दोघांची गल्लत होते. 'कथक' चालला असता, पण तो शब्द नाचाने नेला.

खरी गंमत मात्र निवेदकासाठी मराठीने राखून ठेवलेल्या एका छोट्या शब्दात आहे. ही दोन वाक्यं बघा:

सुमन त्या रात्री दार उघडायला गेलीच नाही.
सुमन म्हणे त्या रात्री दार उघडायला गेलीच नाही.

पहिल्या वाक्यात सांगणारा दिसत नाही. ते जणू आपोआप कळलं. दुसऱ्यात एक माणूस येऊन बसला. तो तिथे नव्हता, त्याने हे कोणाकडून तरी ऐकलंय आणि त्याचा त्यावर पुरता विश्वास नाही. एवढं सगळं दोन अक्षरांत! आता कर्ता बदलून पाहा: 'मी म्हणे दार उघडलंच नाही!' इथे शंका उरली नाही, चीड आली. लोक माझ्याबद्दल असं सांगतात आणि मला ते मान्य नाही.

संस्कृतात हे काम क्रियापदाचं रूपच करतं. महाभारतातला 'उवाच' हा परोक्षभूत, म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः न पाहिलेल्या घटनेसाठीचा भूतकाळ. युद्ध संजय सांगतो धृतराष्ट्राला, ती सगळी कथा वैशंपायन सांगतो जनमेजयाला आणि ती ऐकून आलेला सौती सांगतो शौनकादी ऋषींना. संजयाने युद्ध पाहिलं, पण 'संजय उवाच' म्हणणाऱ्याने संजयाला पाहिलेलं नाही, हे त्या एका रूपात नोंदलं जातं.

मग स्वतःबद्दल परोक्षभूत वापरायची वेळ कधी येणार? व्याकरणकारांनी उदाहरण शोधलंच: 'सुप्तोऽहं किल विललाप'. मराठीत, 'झोपेत मी म्हणे बरळलो.' त्यातल्या 'किल'ला 'म्हणे' कसा चपखल बसतो पाहा. आपलीच गोष्ट, पण दुसऱ्याकडून कळलेली.

एक खबरदारी. 'तुका म्हणे'मधला 'म्हणे' हा नव्हे. जुन्या मराठीत ते साधं वर्तमानकाळाचं रूप होतं, 'तुका म्हणतो' एवढाच अर्थ. तिथे ऐकीव काही नाही आणि शंका तर मुळीच नाही. कवी स्वतःचं नाव घेऊन स्वतःचंच म्हणणं तृतीयपुरुषात सांगतो आहे. 'मी म्हणे'तला मी ते नाकारतो, तुका ते ठासून सांगतो.