गाबा वास दाबतं, मग ते वाढलं तर नाक मंद का होत नाही?

तुमचा प्रश्न असा की चेतापेशी एकमेकींना निरोप द्यायला जी रसायनं सोडतात त्यांतलं ग्लुटामेट चेतापेशीला चेतवतं आणि गाबा शांत करतं, तर गाबा वाढल्यावर वास कमी यायला हवा ना? मी पुण्यात प्राणिशास्त्र शिकवतो. निम्मा वर्ग दरवर्षी हेच लिहितो.

नाकातल्या चेतापेशी घ्राणकंदात (मेंदूतलं वासाचं पहिलं ठाणं) ग्लुटामेट सोडून मायट्रल पेशींना, म्हणजे वासाचा संदेश पुढे नेणाऱ्या पेशींना, जागं करतात. इथवर सरळ आहे. पण मायट्रल पेशीच्या आडव्या फांद्यांना ग्रॅन्युल नावाच्या छोट्या पेशी बिलगलेल्या असतात, आणि त्यांना ॲक्सॉनच (संदेश बाहेर नेणारा लांब धागा) नसतो! मायट्रल पेशी फांदीवरूनच ग्लुटामेट सोडते, त्याने ग्रॅन्युल पेशी चेतते आणि त्याच सांध्यावर उलट गाबा सोडते. जी ओरडली तिलाच गप्प केलं जातं, आणि तिच्या शेजारणींनाही. (गंमत म्हणजे हे गाबा त्या पेशी ग्लुटामेटपासूनच बनवतात.)

आता आंबेमोहोर आणि इंद्रायणी घ्या. इंद्रायणीचं एक मूळ आंबेमोहोरच, त्यामुळे वास जवळचे. माझी आई दुकानात मूठभर तांदूळ हुंगून नाव सांगते, मला अजून जमत नाही. अशा दोन वासांनी चेतणाऱ्या मायट्रल पेशी बऱ्याचशा त्याच असणार. सगळ्या एकदम बोलल्या तर गणपतीच्या आदल्या दिवशीची मंडई, काही कळायचं नाही. गाबा तो गलका कमी करतं आणि जो थोडासा फरक आहे तो वर येतो.

हा नुसता तर्क नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांच्या ग्रॅन्युल पेशींमधला ग्लुटामेट-ग्राहीचा (ग्लुटामेट पकडणाऱ्या प्रथिनाचा) लगाम घालणारा एक घटक काढला, तेव्हा मायट्रल पेशींवरचा गाबाचा दाब वाढला आणि उंदीर मिळत्याजुळत्या वासांच्या मिश्रणांतला फरक लवकर ओळखू लागले. त्याच पेशींतले दुसऱ्या प्रकारचे ग्राही काढले, तर त्यांना जास्त वेळ लागला. त्या कामातले निक्सन अब्राहम यांनी पुढे आपल्या पुण्यात पाषाणच्या आयसर या विज्ञानसंस्थेत प्रयोगशाळा थाटली.

तरी तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही. घ्राणकंदाच्या दारातच काही छोट्या पेशी गाबा आणि डोपामिन हे आणखी एक निरोपाचं रसायन सोडतात, आणि त्यामुळे नाकाकडून आलेल्या टोकांतून ग्लुटामेटच कमी सुटतं. तिथे मात्र येणारा संदेश खरोखर कमी होतो.