काचेला नुसत्या आचेने आणि वजनाने आकार द्यायचा की हत्यारं वापरायची? हत्यार लावलं तर चीटिंग होतं का?

तुम्ही लिहिलंय की घरी टॉर्चवर (काच वितळवायचा गॅसचा बर्नर) काचेचे मणी करायला शिकताय आणि कुठल्यातरी व्हिडिओत एकजण म्हणाला की खरा कारागीर काचेला हात लावत नाही, आच आणि गुरुत्वाकर्षण यांच्यावरच सोडतो, आणि तुमचं तर पॅडल (काच दाबायची चपटी पट्टी), चिमटे सगळं आधीच घेऊन झालंय. मी इकडे बडोद्याला मकरपुऱ्यात लॅबची काच बनवतो, फ्लास्क, कंडेन्सर, नंदेसरीच्या केमिकलवाल्यांना लागतं ते सगळं, मणी म्हणजे रविवारचा नाद. चीटिंग वगैरे काही नसतं हो. फक्त नवीन माणूस हत्यार उचलतो ते बऱ्याचदा नको तिथे.

बघा, काच मऊ झाली की तिला दोन जण ओढत असतात. सरफेस टेन्शन तिला गोळा करून गोल करायला बघतं (पाण्याच्या साधारण चौपट असतं काचेचं), आणि वजन खाली खेचतं. लहान मण्यात पहिलं जिंकतं, मोठ्या गोळ्यात दुसरं, म्हणून लहान मणी नुसता फिरवत राहिलात तरी गोल होतो आणि मोठा जरा थांबलात की लोंबायला लागतो. आता गंमत अशी की आच वाढवली तरी सरफेस टेन्शन फार बदलत नाही, बदलतो तो घट्टपणा आणि तो प्रचंड बदलतो, म्हणजे बोरोसिलिकेट (लॅबच्या भांड्यांची उष्णता सोसणारी काच, आम्ही बोरो म्हणतो) 820 डिग्री सेल्सिअसच्या आसपास आपल्याच वजनाने वाकायला लागते आणि 1250 च्या जवळ जाईपर्यंत तिचा घट्टपणा काही हजार पटीने उतरलेला असतो. त्यामुळे आच की हत्यार असा प्रश्नच नाहीये खरं तर, काच आत्ता किती घट्ट आहे तेवढंच बघायचं. पाकासारखी सैल असेल तेव्हा वाकवा, लोंबवा, फिरवा, हत्यार खिशात. आळत आली, हलते पण वाहत नाही अशी झाली, की मग पॅडल.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, हत्यार काच ढकलतं असं आपल्याला दिसतं पण त्याचं निम्मं काम गार करण्याचं असतं. पॅडल टेकलं तिथली वरची साल थंड होते आणि आतलं अजून वाहतंय, मग वर बारीक सुरकुत्या पडतात त्या यामुळेच. त्या घालवायला परत आचेत धरावं लागतं आणि आच काय करते, सगळं गोल करते, म्हणजे तुम्ही जी धार मेहनतीने काढलीत ती गेली! म्हणून धार, चपटा भाग, खाच हे सगळं शेवटी, आणि नंतर फक्त पृष्ठभागाला ज्वाळेचा हलका हात. हाच गारवा मुद्दामही वापरता येतो, एक बाजू हलायला नको असेल तर तिला ग्रॅफाइटचं हत्यार टेकवायचं आणि दुसरी बाजू लोंबू द्यायची.

आमच्या धंद्यात दोन्ही रोज लागतं. टेस्ट ट्यूबचा गोल बूड, तिथे हत्यार लावाल तर बिघडवाल, ट्यूब ओढून तोडायची, टोक वितळवत फिरवायचं, थोडी फुंक मारायची, झालं. पण बी 24 जॉइंट घ्या, म्हणजे लॅबची दोन भांडी एकमेकांत घट्ट बसवायचा निमुळता सांधा, रुंद टोकाला 24 मिलिमीटर आणि उतार 1:10, हा काय वजनाने येणार? तिथे साचा किंवा रीमर (तोंड आतून रुंद करायचं निमुळतं हत्यार) लागतो आणि वर घासावंही लागतं. बीकरची चोच पण हत्याराचीच.

सपाट मात्र फक्त हत्यारानेच होतं असं समजू नका. खिडकीची फ्लोट काच वितळलेल्या कथिलावर तरंगून सपाट होते, पिल्किंग्टनने 1959 मध्ये जाहीर केलेली पद्धत, आणि तिला तशीच सोडली तर ती स्वतःच सहा-सात मिलिमीटर जाडीवर थांबते. त्याहून पातळ पाहिजे तर ओढावी लागते. आणि इकडे गरब्याच्या चनियाचोळीवरचे जुने आभले बघितलेत का, जरासे फुगीर असतात, कारण काचेचा मोठा फुगा फुंकून आतून चकाकी द्यायचे आणि मग त्याचे तुकडे कापायचे. कपडवंजला हे काम चालायचं. तिथे आकार फुंकेने आणि कात्री नंतर, म्हणजे भांडण कुठे आहे?

तुमच्यासाठी एवढंच सांगेन, आधी पॅडल ड्रॉवरमध्ये ठेवा आणि गोल मणी जमेपर्यंत फक्त फिरवा. मण्याच्या दोन्ही टोकांना छान खळगा पडला की समजा आच कळायला लागली. मग चपटे करा. स्टीलचा चिमटा गरम काचेला लागणार असेल तर आधी जरा ज्वाळेत फिरवून घ्या, थंडगार लावलात तर काच तडकेल, आणि लालभडक केलात तर चिकटेल. ग्रॅफाइटला चिकटायचं टेन्शन कमी. डिडिमियमचा चष्मा (पिवळा उजेड गाळणाऱ्या खास काचेचा) घेतलात ना? सोडियमचा पिवळा झगमगाट त्याशिवाय काही दिसू देत नाही, काच कधी सैल आणि कधी आळली हे कळणार कसं मग. आणि 104 ची (सॉफ्ट ग्लास, म्हणजे कमी आचेवर मऊ होणारी काच) आणि 33 ची (बोरो) रॉड एका मण्यात मिसळू नका, हे आकडे काच तापल्यावर किती प्रसरण पावते त्याचे आहेत, हत्यार लावा नाहीतर लावू नका, फुटणारच.

टॉर्च कुठला आहे ते कमेंटमध्ये लिहा, नुसत्या हवेवर चालणारा असेल तर बोरोचा नाद सोडा, ऑक्सिजन लागतो तिला, सॉफ्ट ग्लासच घ्या.