वाचकांचे प्रश्न : नवे साधन लिहावे की आहे त्यात भर घालावी?

प्रश्न : आमच्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या साधनावर सांभाळतो. पीएचपी ही त्यामागची प्रोग्रामिंग भाषा बऱ्यापैकी येते. मराठी संस्थांसाठी संकेतस्थळे उभारण्याचे मुक्तस्रोत (कोड कोणालाही पाहता-बदलता येईल असे) साधन स्वतःच लिहावे असे मनात आहे. सुरुवात कुठून करावी? आणि कोड खुला ठेवल्यावर कोणी तो विकू लागला तर? — एक वाचक, सांगली

उत्तर : नवे साधन लिहायला घेऊ नका, असे मी स्पष्टच सांगतो. लेख साठवणे आणि दाखवणे एवढे काम करणारी पहिली आवृत्ती काही महिन्यांत उभी राहीलही. परंतु सुरक्षेतील त्रुटी बुजवणे आणि जुना मजकूर न मोडता पीएचपीच्या प्रत्येक नव्या आवृत्तीशी जुळवून घेणे हे काम पुढे वर्षानुवर्षे एकट्याच्या अंगावर पडते. वर्डप्रेसचा आरंभही कोऱ्या पाटीवर झालेला नाही. बी२ या साधनाचे काम त्याच्या मूळ लेखकाकडून थंडावल्यावर मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी तोच कोड पुढे नेला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती दिली. बी२ हे जीपीएल या, कोणालाही कोड बदलून पुढे वाटण्याची मुभा देणाऱ्या परवान्याखाली होते म्हणूनच हे जमले.

मराठीपुरते करण्यासारखे काम मात्र तुमच्या समोरच आहे. ‘सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अहवाल’ या शीर्षकाचे पान तयार करा आणि त्याचा पत्ता पाहा. तो ‘सार्वजनिक-वाचनालयाचा-वार’ इथेच तुटतो. (अहवालाचा असा ‘वार’ होतो!) पत्त्याच्या शीर्षकावरून बनणाऱ्या या भागासाठी विदागारात (डेटाबेसमध्ये) २०० अक्षरांची जागा असते. यूटीएफ-८ या, संगणकात लिपी साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणुकीची लहान एकके) घेते आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे खर्ची पडतात, काना, वेलांटी आणि हलन्त यांनाही तेवढीच. त्यामुळे जेमतेम बावीस चिन्हे मावतात. पुढल्या वर्षीच्या अहवालाचे शीर्षक असेच सुरू झाले, तर पत्ता वेगळा ठेवण्यासाठी शेपटाला २ हा आकडा लागतो.

यावर छोटे प्लगइन (वर्डप्रेसला बाहेरून जोडायचा पूरक कोड) लिहा. वर्डप्रेसच्या मूळ फायलींना हात लावू नका, कारण पुढच्या अद्ययावतीकरणात तुमचे बदल पुसले जातील. शीर्षकापासून पत्ता बनतो त्या टप्प्यावर ‘फिल्टर’, म्हणजे मजकूर मधेच बदलणारा तुमचा कोड, जोडण्याची सोय आहे. तिथे शीर्षकाचे रोमन लिप्यंतर करून ते पूर्ण शब्दावर तोडावे. लिप्यंतराचे नियम हिंदीवरून जसेच्या तसे उचलू नका, मराठी ‘ळ’ त्यात हमखास घोटाळा करतो. जुन्या पानांचे पत्तेही बदलू नका, नाहीतर वाचकांनी जपून ठेवलेले दुवे निकामी होऊ शकतात.

विक्रीविषयी : जीपीएल विक्रीला मनाई करत नाही. मात्र तुमचा कोड वा त्याची सुधारित आवृत्ती जो दुसऱ्याला देईल, त्याला घेणाऱ्यास मूळ स्रोत-कोडही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. स्वामित्वहक्क तुमच्याकडेच राहतो; पण परवान्याची फाइल सोबत ठेवायला विसरू नका, कारण परवान्याविना नुसता जाहीर केलेला कोड मुक्तस्रोत ठरत नाही. आणि तुम्ही वाचनालयाचे पगारी सेवक असून हे काम नोकरीचा भाग म्हणून करणार असाल, तर भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार वेगळा करार नसल्यास हक्क संस्थेकडे जातो. तेव्हा कार्यकारी मंडळाची लेखी संमती आधी घ्या.